समारोपात न वाचलेली चार पानं

कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं माघार घेता येणार नाही. आमच्या वाचनालयाच्या उन्हाळी शिबिरात एका मुलीनं चार पानं लिहिली होती. शिबिर घेणाऱ्या बाईंना ती आवडली नाहीत, असं मी तिला सांगितलं. ते खोटं होतं.

वाचनालय कोळवणच्या अलीकडच्या एका गावात आहे. ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, सात कपाटं आणि पेपर वाचायला येणारी ठरावीक माणसं. मी तिथला ग्रंथपाल. सकाळी भाताची खाचरं, दुपारनंतर वाचनालय, असं माझं बरीच वर्षं चाललेलं आहे. बाई म्हणजे पुण्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गावाबाहेर फार्महाउस घेऊन राहायला आल्या होत्या. एकदा पुस्तक बदलायला आल्या आणि म्हणाल्या, "सुट्टीत आठवी ते दहावीची मुलं करतात काय इथं?" मी म्हणालो, "मोबाइल बघतात." त्यातून शिबिर निघालं. मे महिन्यात दहा दिवस, सकाळी नऊ ते बारा. अर्धा वेळ चित्रं आणि मातीकाम, अर्धा वेळ लेखन. शेवटी मुलांनी स्वतःच्या अक्षरात काढलेलं हस्तलिखित आणि पालकांसमोर वाचन.

चौदा मुलं आली. दारात भाकरीची टोपली ठेवलेली असायची, तिच्यात सगळ्यांनी मोबाइल टाकायचे. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "बाई, वाजला तर?" बाई म्हणाल्या, "वाजू दे. टोपली उचलेल." त्यानंतर मुलं त्यांना घाबरेनाशी झाली.

लिहायला बाईंनी एकच अट घातली होती. जे तुम्ही स्वतः पाहिलंय आणि ज्यावर शाळेत निबंध येत नाही, तेच लिहायचं. पहिले दोन दिवस तरीही धरण, पाऊस आणि माझी आई असंच येत राहिलं. बाई वाचायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "हे तू पाहिलंस, की पुस्तकानं पाहिलं?"

ही मुलगी नववीची परीक्षा देऊन आलेली. बोलायची कमी. तिचे वडील आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. सहाव्या दिवशी तिनं चार पानं बाईंच्या हातात दिली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

तिनं लिहिलं होतं ते असं. रस्त्याकडेची जमीन विकायची ठरली, म्हणून वडिलांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे हिच्या आत्याला, बोलावून घेतलं. सण नसताना माहेरी बोलावणं आलं म्हणून आत्या खूश. पुरणपोळी झाली, नवी साडी झाली. दुसऱ्या दिवशी सगळे जीपनं पौडला नोंदणी कचेरीत निघाले. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून आधाराला हिला सोबत घेतलं. वाटेत आत्यानं विचारलं, "कशाचा रं कागद हाय?" वडील म्हणाले, "काय न्हाई अक्का, सातबाऱ्यावर नावं नीट लावायचीत. तू फकस्त सही कर." कागद हक्कसोडीचा होता. वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा मी सोडला, असं त्यात लिहिलेलं. कचेरीत आत्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं, तेव्हा तिनं पदर सारखा केला, केस मागं घेतले, आणि फोटो झाल्यावर तिथल्या माणसाला म्हणाली, "मला बी एक फोटू द्या की, घरी दाखवाया." सगळे हसले. मुलीनं शेवटी लिहिलं होतं, "मी पण हसले. कागद मी वाचला होता."

आमच्याकडं बहिणीची सही घ्यायची ती अशीच. जेवण, साडी, जीप. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बहिणीही बहुतेक वेळा जाणून सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. पण कागद कशाचा ते तिला न सांगता सही घेणं, ही वेगळी गोष्ट. ती कुणी तोंडानं बोलत नाही. या मुलीनं ती लिहिली होती.

बाईंनी पानं दोनदा वाचली. पेन्सिलनं खाली दोन ओळी लिहिल्या: "या मुलीला ऐकू येतं. हिला लिहिणं थांबवू देऊ नका." मग म्हणाल्या, "समारोपाला हेच पहिलं वाचायचं. तिला मी समारोपाच्याच दिवशी सांगेन, आत्ता सांगितलं तर बाकीची मुलं कोमेजतील." मी मान हलवली. पण त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अचानक आधी आली, आणि समारोपाच्या आदल्या दिवशी सगळी पानं माझ्याकडं सोपवून त्या पुण्याला गेल्या.

संध्याकाळी खोली झाडून झाल्यावर मुलगी आली.

"सर, माझं घेतलंय का वाचायला?"

मी कपाटाला कुलूप लावत होतो. म्हणालो, "न्हाई. बाईंना नाही रुचलं. म्हणाल्या, हे घरातलं बोलणं झालं, लेखन नव्हे."

"बाई असं म्हणल्या?"

"व्हय."

"मग माझी पानं?"

"बाईंकडंच राहिली."

पानं त्या कपाटातच होती. तिला बरं वाटावं म्हणून मी आभारप्रदर्शन तिच्याकडं दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांचे आभार मानले, बाईंचेही मानले, एकही शब्द न अडखळता. वडील पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजवून मला म्हणाले, "काय ग्रंथपाल, आमची पोरगी बोलाया लागली की! पुढच्या वर्षी पुढारीच करा तिला."

अध्यक्षांना दुखवायचं नव्हतं, म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी ते जागा देणार होते, हे खरं आहे. त्यांच्यासमोर त्यांच्याच मुलीनं ते वाचलं असतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. पण खरं कारण ते नाही.

शिबिराच्या दोन वर्षं आधी आम्ही ओढ्यालगतचा तुकडा पुण्यातल्या एका माणसाला विकला. मला एक बहीण आहे. तिला मी जेवायला बोलावलं, साडी घेतली, आणि जीपमध्ये तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, "वारसनोंदीचं आहे गं ताई, तू फक्त सही कर." त्या मुलीच्या पानावर हे वाक्य जवळपास तसंच होतं. ती लिहीत होती तिच्या बापाबद्दल, आणि मी वाचत होतो माझ्याबद्दल. अध्यक्ष ते ऐकून कदाचित हसले असते, कदाचित चिडले असते. मला ते भर सभेत ऐकून घेणं जमलं नसतं. म्हणून मी ते थांबवलं.

डोळ्याचं ऑपरेशन होऊन बाई महिन्यानं परतल्या. पहिलाच प्रश्न, "वाचलं का तिनं?" मी म्हणालो, "तिनंच मागं घेतलं हो बाई. घरचं प्रकरण. तिला नको वाटलं." बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. तिच्यावर जोर नको करायला." म्हणजे मी दोन्हीकडं खोटं बोललो, आणि दोघींनीही समंजसपणे ते मानलं. पुढं बाईंनी घर विकलं आणि त्या लेकीकडं राहायला गेल्या; शिबिर मी चालू ठेवलं.

मुलगी वाचनालयात यायची थांबली. पुढच्या मे महिन्यात मी तिच्या घरी फॉर्म घेऊन गेलो होतो. ती अंगणात धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "मला न्हाई जमत ते, सर. दहावीच्या मार्कांचं बघते." मी फॉर्म परत आणला.

आता ती माणच्या बाजूला एका कंपनीत रिसेप्शनला आहे. यंदा एप्रिलमध्ये, शनिवारी, वाचनालयात आली. मी चपापलो.

"सर, शिबिर हाय ना या वर्षी?"

"आहे. कुणासाठी?"

"आत्याच्या नातीसाठी. लई लिहितीय ती. वह्याच्या वह्या. आत्या म्हणती, ही पोरगी समद्यांची लफडी भाईर काढणार." ती हसली. मग फॉर्मवर नाव घालता घालता, मान वर न करता म्हणाली, "एक सांगू का सर? तिचं न्हाई चांगलं वाटलं तरी लगेच सांगू नका. मला बाईंनी सांगितलं ते बरोबरच होतं म्हणा. मला कुटं येत होतं? पण त्याच्यानंतर वही उघडली की तेच ऐकू यायचं, घरातलं बोलणं, घरातलं बोलणं. मग बंदच केली."

मी तिच्यासमोर बसलो होतो. कपाट माझ्या पाठीमागं हाताच्या अंतरावर होतं. किल्ली खिशात होती. मी म्हणालो, "नाही सांगणार." फॉर्मवर शिक्का मारला. ती "येते सर" म्हणून जिना उतरून गेली आणि मी खिडकीतून तिची स्कूटी वळणाआड जाईपर्यंत पाहिली.

बोलायला इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नाही, आणि तीही मी घालवली. म्हणून लिहितो आहे. पण लिहिणं हे सांगण्याच्या जागी मोजता येत नाही, एवढं मला कळतं.

मी तिचं देणं लागतो ते असं: तिची चार पानं, खालच्या पेन्सिलच्या दोन ओळींसकट, आणि त्या ओळी मी का दाबल्या ते तिच्या तोंडावर सांगणं. माझ्या बहिणीला तो कागद कशाचा होता ते सांगणं लागतो. यातलं अजून मी काहीही दिलेलं नाही.