एकोणऐंशीचा गोल

आमच्या उंब्रजच्या जवान फुटबॉल क्लबला यंदा पंच्याहत्तर वर्षं झाली. ही सगळी वर्षं आम्ही विभागाच्या ब गटात काढली. वर गेलो नाही, खाली जायला गटच नव्हता. अशा क्लबचा इतिहास लिहायचं काम शाळेतला खेळाचा मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. जुन्या वह्या आणि फोटो नानासोंकडे होते, आणि नानासोंकडून काही मिळवणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणं.

नानासो पन्नास वर्षं संघाची व्यवस्था बघतात. विश्वास हा शब्द त्यांनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. अकरा खेळाडूंची यादी ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि नाणं उडवल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. रेफरी समोरच्या संघाचा सोयरा आहे का, याची चौकशी आठवडाभर आधी होते. मला पाहताच त्यांनी विचारलं, "वह्या कुणाला पायजेत? खरं सांगा. तुमाला कुणी धाडलंय?"

"स्मरणिकेसाठी हव्यात."

"मग एक अट हाय. एकोणऐंशीचा सामना लालानं विकला, आसं छापायचं. न्हाईतर वही मिळणार न्हाई."

एकोणऐंशी साली सांगलीच्या मैदानावर आम्ही एकदाच अ गटाच्या दारात उभे होतो. लालासाहेब आमचा गोलकीपर, फौजेतून सुट्टीवर आलेला, नानासोंचा जिवलग. दुसरा हाफ सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच साधा, सरळ आलेला चेंडू त्यांच्या हातातून सुटला आणि आत गेला. शून्य-एक. तेव्हापासून नानासो त्यांच्याशी बोललेले नाहीत.

"पुरावा?" मी विचारलं.

"गोल खाल्ल्यावर चेंडू छातीशी धरून कुरवाळत बसला! कुणी कुरवाळतं का? सामना सुटल्यावर त्यांच्या कॅप्टनसंगं च्या प्याला. अन् फुडच्या सुट्टीला ट्रान्झिस्टर घिऊन आला. कुठनं आला?"

मिलिटरी कँटीनमधून आला असेल, असं मी म्हणालो. नानासोंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीही त्या कटात होतो. खरं सांगतो, घरी येताना माझ्याही मनात पाल चुकचुकली. साधा चेंडू हातातून सुटतो कसा?

दुसऱ्या दिवशी मी लालासाहेबांकडे गेलो. सुभेदार होऊन निवृत्त झालेला ताठ माणूस. विषय काढताच म्हणाले, "हातातनं सुटला. चूक माझी. तेवढंच लिवा."

इतक्या चटकन चूक कबूल करणारा माणूस बघून माझा संशय आणखी वाढला. म्हणजे नानासोंचा वारा मलाही लागला होता. मी सामना विकल्याच्या आरोपाबद्दल विचारलं, तेव्हा ते नुसते हसले आणि उसाला पाणी सुटायची वेळ झाली म्हणून उठून गेले.

त्यांच्या पत्नी रंगूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "मास्तर, त्या दिवसाची जर्शी म्या सोड्यानं तीनदा धुतली. छातीवरचा तेलाचा डाग निगंना. म्या इचारलं, मॅच खेळाय गेलावता का घाण्यावर? तर म्हणलं, गप ऱ्हा, कुणाला बोलू नगंस."

मी तसाच नानासोंकडे गेलो. आधी त्यांनी रंगूबाईंवरच शंका घेतली. नवऱ्याची बाजू बायको घेणारच. मग एकदम म्हणाले, "डाग छातीवर हुता?"

"हो."

तेव्हा चामड्याचे चेंडू असत. पाणी पिऊन जड होऊ नयेत म्हणून सामन्याच्या दोन दिवस आधी त्यांना एरंडेल चोळायचं आणि कोरड्या राखेनं पुसून घ्यायचं, ही आमच्या क्लबची रीत. ते काम नानासोंचं. सांगलीचे लोक चेंडू बदलतील, या भीतीनं त्यांनी तो रात्रभर उशाला घेतला. सकाळी एसटीत बसल्यावर मैदान ओलं असल्याचं कळलं, तेव्हा मांडीवर घेऊन आणखी एक हात दिला. एसटीत राख कुठली असणार? पहिला हाफ सांगलीकरांच्या चेंडूनं आणि दुसरा आपल्या, असं ठरलेलं होतं.

हे त्यांनीच मला सांगितलं, तुटक तुटक, जमिनीकडे बघत. सांगून झाल्यावर पायात चपला न घालता निघाले. मी मागून.

लालासाहेब नुकतेच शेतातून आले होते. नानासो दारातूनच म्हणाले, "लाला, चेंडूला तेल मी लावलं हुतं. तू ते जर्शीला पुसलंस."

"व्हय."

"मग तवा बोलला का न्हाईस रं?"

"गावानं तुला फाडून खाल्लं आसतं. मला दोन दिसांनी पलटणीत जायाचं हुतं. तुला हितंच ऱ्हायाचं हुतं."

"अन् रिटायर हून आल्यावर? तवा तरी सांगायचं हुतंस गड्या!"

लालासाहेबांनी आत घेण्यासाठी त्यांचा हात धरला.

"आलो हुतो की, नाना. तीनदा आलो. तू दार उघडलं न्हाईस."

नानासो तिथंच उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले.