उलव्याच्या खाडीवरून आलेल्या दोन हाका

नव्वदच्या दशकात आम्ही चौघी वाशीत रॉक वाजवायचो आणि सोसायटीवाले कानांत बोटं घालायचे. उलव्याच्या कला महोत्सवाचं बोलावणं आलं, त्याच आठवड्यात आमची ड्रमर वर्षा गायिका मेधाशी भांडून नागपूरला मावशीकडे निघून गेली. वर्षा माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती परत यावी, एवढंच मला हवं होतं. पण महोत्सव थोडाच थांबणार? तिच्या जागी उलव्याचीच उज्ज्वला आली, गावच्या हळदींमध्ये ड्रम बडवून हात तयार झालेली.

आज उलव्याला लोकल जाते. तेव्हा आम्ही टेम्पोत सामान भरून बेलापूरमार्गे गेलो. शेवटचा रस्ता असा, की गिटारच्या तारा आपोआप ढिल्या व्हाव्यात. उज्ज्वलाच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुका जवळा वाढला. तिकडे गेलात तर हे चुकवू नका.

मैदानात सगळा आनंदीआनंद होता. 'लेडीज बँड' म्हणजे वरातीचा बँड, असा आयोजकांचा समज.

"पिपानी कुठं हाय तुमची? पावने आले, वाजवा कायतरी," त्यांच्यातला एक म्हणाला.

शेवटी भजनी मंडळ आणि नाचाचा ग्रुप यांच्या मध्ये आम्हाला घुसवलं. दुसऱ्याच गाण्याला जनरेटर बंद पडला. तिन्हीसांज झाली होती. मेधाने सवयीने अंधारात ओरडून विचारलं, "ऐकू येतंय का?"

स्टेजच्या मागे नुसती मिठागरं आणि खाडी. तिथून हाक आली, "शुभेऽऽ."

मला शुभे म्हणणारी एकटी वर्षा. आवाजही तिचाच. अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगते, आनंदही झाला. दुसरी हाक आली तसं मी ओ द्यायला तोंड उघडलं. उज्ज्वलाने त्यावर घट्ट हात दाबला.

"ओ द्यायची नाय, ताई. तिसरी हाक आली तरच मानसाची."

तिसरी आली नाही. मेधाने तर एकही ऐकली नव्हती.

वाशीला परतल्यावर सकाळीच नागपूरला एसटीडी लावला. फोन वर्षानेच उचलला. धडधाकट होती.

"काल संध्याकाळी गच्चीवरून तुला हाका मारल्या, वेड्यासारख्या," ती हसत म्हणाली. "तुझी ओ आल्यासारखी वाटली असती ना, तरी परत आले असते."

"किती मारल्यास?"

"दोन. मग म्हटलं, पुरे."

ती परत आली नाही. बँड उज्ज्वलाबरोबर चालला, बरा चालला. त्या दिवशी तुला वाचवलं, असं उज्ज्वला आजही म्हणते, आणि उलव्यात असेपर्यंत मला ते पटतंही. घरी आले की वाटतं, ओ द्यायला हवी होती.