दोन्ही पाय सारखे

सकाळी काकूचा फोन आला. "अगं, नाना गेले... मी चहा घेऊन आले, तर खुर्चीतच." विश्रांतवाडीहून खडकीला पोचेपर्यंत एकच आठवत राहिलं. आदल्याच रविवारी नेहमीसारखे त्यांनी माझ्यापुढे पाय केले होते.

नाना म्हणजे माझे थोरले काका. उभी हयात दारूगोळा कारखान्यात तपासणीत गेली, त्यामुळे दुसऱ्याच्या कामावर विश्वास ठेवणं त्यांना जमत नसे. मंडईत भेंडीसुद्धा एकेक मोडून बघणार. मधुमेह जुना होता आणि पायांची संवेदना गेलेली. माझ्या बाबांचा पाय असाच, न कळलेल्या जखमेने गेला. त्यांना शेवटचा नमस्कार मी एकाच पावलाला केला होता. म्हणून आतल्या आत होणारी जखम पायांच्या उष्णतेवरून दाखवणारा कॅमेरा एका दवाखान्यात आलाय असं कळलं, तशी मी नानांच्या मागेच लागले. "मला काही दुखत नाही," ते म्हणाले. "बाबांनाही दुखत नव्हतं," मी म्हटलं. मग मुकाट्याने रिक्षात बसले.

तिथे अनवाणी पंधरा मिनिटं बसायला सांगितलं होतं. मी फॉर्म भरून आले. पडद्यावर दोन्ही पावलं छान निळी, म्हणजे गार उमटली. "बघ, उगाच आणलंस," नाना म्हणाले. कॅमेऱ्यावरच्या बाईंना मात्र बोटांच्या बेचक्यांत पाणी दिसलं.

"आजोबा, पाय धुतलेत का?"

"मग? मळके पाय दाखवू तुम्हाला?"

परक्या बाईपुढे पाय करायचे म्हणून यांनी नळाखाली गार पाण्याने ते चांगले घासून घेतले होते! पुन्हा पंधरा मिनिटं बसवलं. या वेळी डाव्या अंगठ्याखाली लाल ठिपका उमटला; उजव्याला तिथे काहीच नव्हतं. चपला उलटसुलट करून पाहिल्या, तर डावीत खिळ्याचं डोकं वर आलेलं. नाना बराच वेळ त्याच्यावरून बोट फिरवत राहिले. "हे माझ्या तपासणीतून सुटलं..." एवढंच म्हणाले.

चपला बदलल्या, महिनाभर घरी बसवलं, पाय वाचला. मंडई पुन्हा सुरू झाली. दवाखान्याच्या दोन खेपांच्या मधे त्यांनी मला कामाला लावलं. रविवारी मी नमस्काराला वाकले की ते दोन्ही पाय चौरंगावर ठेवायचे आणि मी हाताची मागची बाजू आधी डाव्याला, मग उजव्याला टेकवायची. "सारखे आहेत ना?" "सारखे." त्याशिवाय आशीर्वाद मिळत नसे. काकू म्हणायची, हा नमस्कार आहे की पंचनामा?

नाना गेले त्या दिवशी वाकले तेव्हाही हात सवयीने उलटा झाला. आधी डावा, मग उजवा. दोन्ही सारखेच गार होते. मला फार रडू आलं, आणि खरं सांगते, थोडं समाधानही वाटलं; नमस्काराला दोन्ही पावलं होती.

खुर्चीपुढचा चौरंग काकू अजून हलवू देत नाही. परवा रविवारी गेले आणि नकळत त्याच्यापुढे वाकले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "सारखे आहेत ना गं?"

"सारखे आहेत," मी म्हटलं.