टोळीचा हात

साल २०२३, कार्तिक महिना, सोयाबीनची आवक ऐन भरात. किस्से सांडलेल्या दाण्यांसारखे असतात. कोणी झाडून गोळा केले तरच ढीग दिसतो. धान्यबाजाराच्या यार्डातल्या आमच्या हमाल सोसायटीत तो ढीग प्रज्ञाने दाखवला.

कामरगावच्या मजुराची ही पोरगी पीएच.डी. करते, त्याच अभ्यासाला आमच्याकडे आलेली. मी चौथीत शाळा सोडलेला, हमालांच्या टोळीचा मुकादम. मॅनेजरने तिला विचारलं, "मॅडम, अभ्यास कशाचा? हमालीचा?"

"सत्तेचा."

"मंग मुंबईले जा ना! इथं कुठं सत्ता?"

तिने ऑफिसातल्या खुर्च्या मोजल्या. चार. "अन् काम करणारे किती?"

"साठ."

बसायला निघालेला मॅनेजर उभाच राहिला!

*

एका बैठकीत अध्यक्ष तासभर बोलले. प्रज्ञाने पेन उघडलं नाही. यार्ड झाडणारी शांताबाई काही बोलायला गेली आणि गप्प झाली, तेव्हा प्रज्ञाने पानभर लिहिलं. ही शांताबाई म्हणजे पोत्यांची थप्पी कोसळली तेव्हा मला हात धरून बाहेर ओढणारी. ते देणं माझ्याकडे तसंच होतं.

अध्यक्ष तापले. "मी घंटाभर बोलून राह्यलो, अन् तुमी त्या चूप बाईचं लिहिता?"

"तुमचं तं प्रोसिडिंग बुकात येतेच, साहेब!"

*

भिंतीवर तक्रारपेटी आहे. प्रज्ञा म्हणाली, "चाबी कोणापाशी?"

"माह्यापाशी," मॅनेजर म्हणाला. "एकबी तक्रार नाही! सारे खूश!"

"पेटी उघडली कधी?"

"काहून उघडू? तक्रारच नाही तं!"

चाळीस वर्षं मी त्या पेटीखालून ये-जा केली. या पोरीला चार दिवस लागले. मी थक्क झालो.

*

मग माझी पाळी आली. आमची रीत अशी, की मुकादमाचा हात म्हणजे टोळीचा हात. बैठकीत ठरावाला मी एकट्याने वर केला की हमाल, झाडणाऱ्या बाया, साऱ्यांची संमती.

"काका, हात वर कराच्या आधी बायायले विचारता का?"

"त्यायले काय विचाराचं? माह्याच टोळीतल्या त्या!"

तिने नुसतं लिहून घेतलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

*

पुढच्या बैठकीत ठराव आला : यार्डात सांडलेला माल यापुढे बाहेरच्या ठेकेदाराचा. झाडणाऱ्या बायांची चूल त्याच दाण्यांवर पेटते.

"मुकादम, हात?" अध्यक्ष म्हणाले.

मी हात मांडीवरच ठेवला. "माहा हात माह्या एकट्याचा. बायायचं बायायले विचारा."

शेवटी अध्यक्षांना विचारावंच लागलं.

शांताबाई उठली. "झाडू आमचा, दाणेबी आमचेच!"

मागच्या साऱ्या बायांचे हात वर गेले. ठराव पडला.

जाताना शांताबाई माझ्यासमोर थांबली.

"फिटलं, मुकादम."