अक्काच्या मांडीवर

दिवाळी सरली की एरंडोलजवळच्या आमच्या खेड्यात पोरांच्या छात्या भरायला लागायच्या. घरात माझी दोन पोरं आणि थोरल्या जावेची तीन. तिला मी अक्का म्हणायचे. कापूस वेचून आलो की आम्ही दोघी एकेकाला तेल चोळायचो, ओव्याच्या गरम पुरचुंडीनं शेकायचो. एकाचा खोकला बसतो न बसतो तोच दुसऱ्याचा सुरू. आमचे हे चाळीसगावला जिनिंगमध्ये. हंगाम संपेपर्यंत घरी येणं नाही.

एका थंडीत माझ्या धाकट्याला डबा झाला, छाती कफानं गच्च दाटली. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या. वैद्याचा काढा पोटात ठरेना. अक्का म्हणाली, "पोटले डाग देऊत. मना पोऱ्या डागवरीच वाचना."

तिच्या पोराच्या पोटावरचे तापल्या विळ्याचे व्रण मी रोज पाहत होते. मी नको म्हटलं.

"मंग मी काय त्याले माराले डाग दिधा व्हता का?" तिनं माझ्याशी बोलणं सोडलं, पण पोराला शेकायचं सोडलं नाही.

मग एका दुपारी तो रडायचाही थांबला. कण्हायचा फक्त. मला घाबरायचंही त्राण उरलं नव्हतं. उठले आणि त्याला अक्काच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "द्या डाग. मी बाहेर बसते."

गोठ्याशी बसून राहिले. आता किंकाळी येईल, आता येईल. आलीच नाही. मेलाच की काय, म्हणून आत धावले. चुलीत विळा लाल झाला होता. अक्का पोराला छातीशी उभं धरून रडत होती.

"मनाघाई नई व्हनार," ती म्हणाली. तिच्यानं डाग देववला नव्हता. "मना पोऱ्या कसा वरडना व्हता, ते अजून मना कानमा शे."

तिनं विळा बाहेर ओढून पाण्यात टाकला. मला म्हणाली, "तू पड जराशी. मी धरस त्याले."

त्यानंतर आम्ही त्याला आळीपाळीनं उभंच धरून ठेवलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. हळूहळू खड्डा पडायचा कमी झाला. तो कशानं वाचला, मला सांगता येणार नाही. आनंद वगैरे झाला असेल, पण मला आठवते ती फक्त झोप. भिंतीला टेकले आणि बसल्या जागी झोपले.

अक्कानं हलवून उठवलं. तिच्या मधलीचं अंग तापलं होतं.