ऑपरेटरची काच

वाघमारे सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रस्त्याकडेच्या शेतात, अंबाडीच्या ओळीत पालथ्या पडलेल्या होत्या. पांढरी साडी, शेजारी लसींचा निळा डबा, एक चप्पल पायात आणि दुसरी धुऱ्याच्या बांधावर. ताडकळसच्या अलीकडे एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात माझी आरोग्यसेवक म्हणून बदली झाली होती आणि मी मोटारसायकलवरून रुजू व्हायला निघालो होतो. बाई चक्कर येऊन पडल्या, हेच मनात आलं. गाडी तशीच आडवी टाकून धावलो आणि "अहो सिस्टर, सिस्टर" करत त्यांच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

"सावली काढा," म्हणाल्या.

मी बाजूला झालो. तेव्हा दिसलं की त्यांच्या हातात कॅमेरा आहे. कॅमेरा कसला, नळजोडणीचं सामान. जिथं भिंग असायला हवं तिथं पाइपाचा एक तुकडा बसवलेला, त्याला सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी आवळलेली आणि पुढं गडव्याएवढी जाड पितळी नळी. ती नळी फिरत नव्हती की सरकत नव्हती, त्यामुळे बाई स्वतःच कोपरांवर बोटभर पुढं, बोटभर मागं सरकत होत्या. समोर अंबाडीचं पिवळं फूल, पोटात तांबडं. खटका वाजला, त्या उठल्या, पदराची माती झटकली आणि म्हणाल्या, "बेजार झाले बाई. तुमीच का नवीन आलेले? चला मंग, बाया वाट बघायल्यात."

बेजार हा त्यांचा शब्द. सकाळी उपकेंद्राचं कुलूप उघडताना त्या बेजार असत, रजिस्टरं भरताना बेजार, मोबाईलमध्ये तीच माहिती पुन्हा भरताना दुप्पट बेजार. चार गावं, गरोदर बाया, तान्ही लेकरं, वरून येणारे साहेब. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की आम्ही दोघं चालत निघायचो आणि त्या दर शंभर पावलांवर तो शब्द उच्चारायच्या, तक्रार म्हणून नव्हे, श्वास सोडावा तसा. मीही काही फार उत्साहाचा माणूस नाही. नोकरीत दहा वर्षं झाल्यावर माझ्यातलं जे काही उडत होतं ते बसलं होतं. त्यामुळे आमचं जमलं.

फक्त फूल दिसलं की त्यांचा थकवा कुठं जायचा ते कळत नसे. करडईच्या काट्यांत हात घालताना त्यांना काही वाटायचं नाही. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मला त्यांनी दाखवलं तेव्हा दिसलं. त्या एकाच फुलाचे दोन्ही दिवस फोटो काढत. फ्लॅश त्यांना चालायचा नाही. "फुलाच्या तोंडावर बॅटरी मारता का?" असं एकदा मला झापलं होतं. नऊच्या आतला उजेड, नाहीतर चारनंतरचा. मधला उजेड वापरायची वेळच आली तर त्या आपला पांढरा पदर फुलावर धरायच्या आणि मी सलाइनच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा दुसऱ्या बाजूनं. रस्त्यानं जाणारे लोक आम्ही तिथं कुणाला औषध देतोय म्हणून थांबायचे.

"एवढा ताप कामून करून घेता?" मी एकदा विचारलं.

"फुलाला सुई टोचावी लागत न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "अन् फुलाचं रजिस्टर नसतंय."

खरं कारण मला नंतर कळलं. एका संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेलो होतो, त्यांनी चहाला आत बोलावलं. ताडकळसमध्ये दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली खाटेवर एक उंच माणूस उशांना टेकून बसवलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवलेला तसाच. हे त्यांचे यजमान. सगळं गाव त्यांना ऑपरेटर म्हणायचं, सिस्टरही तेच म्हणायच्या. जत्रेजत्रेला तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजवर त्यांनी तीस वर्षं मशीन चालवलं होतं. तंबू कायमचा मोडला तेव्हा मशीन भंगारात गेलं. पुढची काच ऑपरेटरनं काढून कोटाच्या खिशात घातली आणि घरी आणली. तीच ती पितळी नळी. चार वर्षांपूर्वी लकवा मारला आणि वाचा अर्धी गेली. उरलेली अर्धी ते वापरत नव्हते. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. पण बोलायचं कशावर? जेवलात का, औषध घेतलं का, यावर ते डोळे मिटून घ्यायचे.

मग सिस्टरांनी ही युक्ती काढली. परभणीतून जुना कॅमेरा आणला, मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याकडून पाइप जोडून घेतला आणि नवऱ्याच्या काचेतून रोज एक फूल काढून घरी न्यायला लागल्या. फुलंच का, तर त्यांच्या वाटेवर तेवढंच होतं.

त्या संध्याकाळी मी पाहिलं. सिस्टर खाटेजवळ जमिनीवर बसल्या, कॅमेऱ्याचा पडदा नवऱ्याच्या डोळ्यांपुढं धरला. ऑपरेटर बराच वेळ बघत राहिले. फूल मधोमध स्वच्छ होतं, कडेची पानं गोल फिरल्यासारखी झाली होती आणि सगळ्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका उजेड पसरला होता.

"साडे... आठ," ते म्हणाले.

"आठ चाळीस," सिस्टर म्हणाल्या.

"ढग... व्हता."

"व्हता की थोडा. तुमाला कसं कळलं?"

असं अर्धा तास चाललं. शब्दाशब्दाला ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, सिस्टर ती पदरानं टिपायच्या आणि पुढचा प्रश्न विचारायच्या. बारीक फुलांसाठी त्यांनी बंद पडलेल्या स्टुडिओतली, फोटो मोठे करायच्या यंत्राची एक काच आणली होती. त्या काचेतला फोटो दाखवला की ऑपरेटर एका नजरेत ओळखायचे आणि मान फिरवायचे. "दुस... ऱ्याची," म्हणायचे. बाहेर सोडायला येताना सिस्टर मला म्हणाल्या, "दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं हाय, भाऊ. त्याच्यावर दुसरा दिवस निघतोय."

आणि हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी जे करायला नको होतं ते केलंच.

सिस्टर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या, कॅमेऱ्याची पिशवी उपकेंद्राच्या कपाटात ठेवून. मी ती नळी उजेडात धरून पाहिली. आत काजळी, पिवळा थर, कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मला वाटलं, बिचारीला वेळ कुठं मिळतो. परभणीला कामानं जायचंच होतं. तिथं चष्मे आणि घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना दिली. त्यांनी ती उघडली, एकेक भिंग धुतलं, पुसलं आणि लखलखीत करून परत दिली. येताना मी रस्ताभर स्वतःवर खूश होतो. आयुष्यात कुणाचं न सांगता भलं करण्याचे प्रसंग मला फार आलेले नाहीत.

सिस्टर आल्यावर मी नळी पुढं केली. त्यांनी ती खिडकीकडं धरून आरपार पाहिलं. नंतर खुर्चीवर बसल्या. "बरं केलं," म्हणाल्या आणि रजिस्टर उघडलं. मी धन्यवादाची वाट बघत उभा होतो, इतका मी शहाणा.

त्यानंतर तीन आठवडे त्या रोजच्यासारख्या कामाला येत होत्या. फुलांपाशी थांबत होत्या, पण काहीतरी भलतंच चाललेलं दिसायचं. कधी काचेवर तोंडाची वाफ सोडून घाईघाईनं खटका दाबायच्या, कधी बोटानं व्हॅसलिन लावायच्या, एकदा तर दिव्यावर धरून काजळी बसवली. फोटो बघायच्या, पुसायच्या, पुन्हा लावायच्या. बेजार हा शब्द त्यांनी उच्चारणं बंद केलं होतं. त्याचीच मला भीती वाटली.

"काय झालंय, सिस्टर?" शेवटी मी विचारलं.

"ऑपरेटर बोलायले न्हाईत."

थोडं थोडं करून बाहेर आलं. काच घरी आणली तेव्हा नवऱ्यानं त्यांना एकच गोष्ट बजावली होती, घरात काहीही पूस, ही काच पुसू नको. तंबूच्या मालकालाही ते तिला हात लावू देत नसत. इतक्या वर्षांत सिस्टरांनी तिच्यावरून फडकं फिरवलं नव्हतं. पुसलेल्या काचेतलं पहिलं फूल दाखवलं तेव्हा ऑपरेटरनं एकदा फोटोकडं, एकदा बायकोकडं पाहिलं, "पुसलीस?" म्हटलं आणि भिंतीकडं तोंड केलं. तेव्हापासून शब्द नाही. जेवणही अर्धं.

"मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमचं नाव कामून सांगू? तुमी भल्यासाठीच केलं." त्या लसींच्या डब्याचा पट्टा नीट करत होत्या. "मीच पुसली मनून सांगितलं. बायकोवर रुसलेला माणूस बरा. परक्या माणसावर राग धरला तर तो कुठं काढंल, खाटंवर पडून?"

मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. रस्त्यात त्या दोनदा म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ, मी बघते," पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. ऑपरेटर भिंतीकडं तोंड करून होते. मी खाटेच्या पलीकडच्या फटीत जाऊन, भिंत आणि खाट यांच्यामध्ये अंग चोरून बसलो, म्हणजे त्यांना माझ्याकडंच बघावं लागेल. आणि सांगितलं. सिस्टर गावात नव्हत्या, काच मी नेली, मी धुऊन आणली, त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

ते बघत राहिले. "काय... निघालं?" त्यांनी विचारलं.

"काजळी," मी म्हणालो. "धूर. पिवळा थर होता जाड."

"बिड्या," ते म्हणाले. "तंबूत... समदे... बिड्या वढायचे." मग त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. सिस्टर दारात उभ्या होत्या. "तू... न्हाई?"

"न्हाई," सिस्टर खाटेजवळ येत म्हणाल्या.

ऑपरेटरचा डावा हात चादरीवरून चाचपडत गेला आणि सिस्टरांच्या पदराचं टोक त्यानं धरलं. सिस्टर खाली बसल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. साथीत पाहिलं नव्हतं, एक बाळंतीण हातातून गेली तेव्हाही नाही. थोड्या वेळानं ऑपरेटर म्हणाले, "दाखव." सिस्टरांनी त्या दिवशीचं कपाशीचं फूल दाखवलं, पाकळीची शीर न् शीर दिसत होती.

"शार्प हाय," ऑपरेटर म्हणाले. "लय शार्प." आणि त्यांच्या अर्ध्या तोंडातून हसू फुटलं. "तीस वर्सं... लोकायला... धूरच दाखवला की."

त्यानंतरचे तीन-चार महिने ते बोलले. कमी, पण बोलले. जवस फुलायच्या दिवसांत एका पहाटे झोपेतच गेले. सिस्टर आठ दिवस रजेवर होत्या, नवव्या दिवशी कामावर आल्या. मी म्हटलं, अजून थोडे दिवस घ्यायचे. "घरी काय करू?" म्हणाल्या.

सिस्टर जाऊन आता वर्ष होत आलं. निवृत्त झाल्या आणि दोन पावसाळेही पुरते बघितले नाहीत. उपकेंद्रात त्यांची आठवण निघाली की लोक त्यांच्या हलक्या हाताबद्दल बोलतात, सुई टोचलेली कळायची नाही म्हणतात. ते खरंच आहे. मला मात्र त्या रजेनंतरची पहिली सकाळ आठवते.

आम्ही लसीकरणाला निघालो होतो, हाताशी अर्धा तास होता. एका धुऱ्याकडेला जवसाचा निळा पट्टा फुलला होता. जवसाचं फूल दुपारपर्यंत टिकत नाही, म्हणून मी न विचारताच गाडी थांबवली. सिस्टर उतरल्या, पिशवी उघडली, कॅमेरा हातात घेतला. उभ्याच राहिल्या. मग तो परत पिशवीत ठेवला.

"उजेड चांगला नाही का?" मी विचारलं.

"लय चांगलाय."

"मग काढा की."

"काढून काय करू, भाऊ? कुणाला सांगू कसा व्हता ते?"

"मला सांगा," म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा इतका दमलेला होता की मला माझं वाक्य मागं घ्यावंसं वाटलं. "तुमाला काय कळतंय उजेडातलं," त्या म्हणाल्या. ते खरं होतं. पण पिशवी खांद्याला अडकवून त्या बोलायला लागल्या. दव अजून पुरतं वाळलेलं नाही, म्हणून निळा रंग कडेला पांढरा पडायलाय, पलीकडच्या तुरीवरून ऊन तिरपं येऊन पाकळीच्या आतून निघायलंय, आठ वाजून गेलेत पण साडेआठ न्हाई. हळू, एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबत. सांगताना त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. खाटेवर पडलेल्या माणसाशी बोलावं तशी त्यांची मान खाली होती, नजर जमिनीपासून दीड-दोन हातांवर.

मी गाडीवरून उतरलो आणि त्यांच्यासमोर धुऱ्यावर, खाली मातीत बसलो.