समोरचे देवीवाले भाऊ

शिंदखेडे तालुक्यात तान्ह्या लेकरांना सगळ्यांत जास्त कुणी रडवलं, असं कुणी मला विचारलं तर मी आमच्या समोरच्या भाऊंकडे बोट दाखवीन. आणि तान्ह्या लेकराला सगळ्यांत जास्त जीव कुणी लावला, असं विचारलं तरी माझं बोट तिथून हलायचं नाही. भाऊ देवी टोचणारे होते. नोकरी सरकारी, खांद्याला चामड्याची पेटी, पेटीत लशीच्या बारीक काचनळ्या, आणि बसायला एक म्हातारी पांढरी घोडी. ही घोडी कपाशीच्या काळ्या रानात कोसभरावरून दिसायची आणि तोच भाऊंचा घात होता. ते वेशीशी पोहोचायच्या आत गावात हाकाटी व्हायची, "देवीवाला उना वं! बठ्ठा पोरे लपाडा!" कुणी लेकरू कणगीत उतरवी, कुणी घेऊन नदीकडे पळे. एका बाईने तर पोर घरातल्या कापसाच्या ढिगात खुपसलं. भाऊ त्या ढिगापुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, बाहेर या. आत गुदमराल."

ते तान्ह्यांना अहो-जाहोच करत. तहसीलदारांशी बोलताना एखादे वेळी चुकतील, पण पाळण्यातल्या माणसाचा मान कधी सोडायचे नाहीत. "जरा दंड द्या आपला. हां, झालंच. माफ करा." पुढे ते माफ करणारं माणूस सगळी आळी डोक्यावर घ्यायचं, आणि भाऊ अपराध्यासारखे ओशाळून पेटी आवरायचे. माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, दंड राहत असे. एकदा भरबाजारात त्यांनी एका पोलिसालाच बाही वर करायला लावली आणि चार वण मोजून म्हणाले, "हां, आता ओळखलं. तुम्ही फार लाथा झाडल्या होत्या." पोलीस इतका लाजला की कोथिंबीर विसरून गेला. हात धुण्याचं त्यांना वेडच होतं. संक्रांतीचा तिळगूळ घ्यायचा तरी कोपरापर्यंत धुऊन घेत, आणि तोवर देणारी बाई वाटी धरून उभी.

त्यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली तरी घरात पाळणा नव्हता. त्यांची बायको मोठी हसरी होती. ओसरीवर बसून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "तालुकाभर रडवतात, पण घरात एक रडेल तर शपथ." भाऊ खाली मान घालून टोचण्या पुसत राहायचे.

आता मला माझं सांगायला हवं, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. आमचा मुलगा तीन महिन्यांचा झाल्यापासून भाऊ आमच्या दाराशी येऊ लागले. समोरच राहायचे, लपवणार कसं? म्हणून आम्ही सबबी सांगायचो. आज सर्दी आहे. आज दात शिवशिवताहेत. ऊन फार आहे हो, पुढल्या महिन्यात बघू. सासूबाईंचं म्हणणं, देवी अंगावर यायची ती आपल्या पायाने येते, तिला सुईने कशाला बोलवायचं? आणि मलाही ते लोखंड त्याच्या मऊ दंडाला लागू द्यायचं नव्हतं; सगळा दोष सासूबाईंवर ढकलणार नाही. सातव्यांदा भाऊ आले तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून धडधडीत सांगितलं, "बाळ आजोळी गेलंय." एवढ्यात आतून हुंकार आला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून आतल्या पडद्याला म्हणाले, "आजोळहून आलात की निरोप धाडा बरं." आणि गेले. ते गेल्यावर मी आणि सासूबाई तोंडाला पदर लावून किती हसलो.

फाल्गुनात देवीची साथ आली. आमच्या मुलाच्या अंगावर देवी उठल्या आणि पाचव्या दिवशी तो गेला. सात महिन्यांचा होता. भाऊ त्या दिवशी आत आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, टळटळीत उन्हात, टोपी हातात घेऊन सगळा वेळ उभे होते.

भाऊंच्या बायकोला चौदा वर्षांनी दिवस गेले होते; पुढे तीन आठवड्यांत भाऊंना मुलगी झाली आणि नवव्या दिवशी त्यांची बायको तापाने गेली. धुळ्याहून त्यांची थोरली बहीण आली होती. तिने शेळीचं दूध पाजून पाहिलं, बोळ्याने पाजलं, चमच्याने पाजलं. पोर सगळं उलटून टाकी. रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. समोरच्या घरातला तो आवाज ऐकून माझी चोळी भिजायची आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. माझं दूध अजून पुरतं आटलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एके सकाळी भाऊ तिला दुपट्यात गुंडाळून आमच्या ओसरीच्या पायरीशी आले. "वहिनी," म्हणाले, "ह्या काही घेत नाहीत." एवढंच. ज्या दारातून आम्ही त्यांना सात वेळा परत पाठवलं होतं, त्या दारात तो माणूस मागायला आला होता, आणि लाज मात्र त्यालाच वाटत होती. आमची जात वेगळी, त्यांची वेगळी. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपुढून उठल्या, भाऊंच्या हातातून पोर काढून घेतली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दे तिले." मग भाऊंच्या तोंडावर दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावून रडत बसल्या.

तिथून पुढे जवळजवळ वर्षभर भाऊंनी जे बापपण केलं, त्यावर हसावं की रडावं, मला अजून कळलेलं नाही. हजारो दंड हाताळलेल्या ह्या माणसाला लेकरू उचलायचं कसं ठाऊक नव्हतं! मान धरली तर पाय निसटत, पाय सांभाळले तर मान. ते सगळं उकळून घेत. वाटी, चमचा, दुपटी तर सोडाच, बहिणीने आणलेला लाकडी खुळखुळाही त्यांनी उकळला. त्याचा रंग सुटला आणि पातेलंभर जांभळं पाणी झालं. पोरीला उचकी लागली की रस्ता ओलांडून माझ्याकडे, शिंक आली की माझ्याकडे, आणि दोन्ही आलं नाही तर, "आज अगदी गप्प आहेत हो," म्हणून माझ्याकडे. काजळ-तिटीला त्यांचा शास्त्रोक्त विरोध होता. पण एकदा कुणी बाई "काय गुटगुटीत आहे!" म्हणून गेली, आणि घटकाभरात भाऊ स्वतः तव्याची काजळी बोटाला लावून पोरीच्या गालापुढे उभे! पहिला दात दिसला तेव्हा शाळा भरलेली असताना वर्गाच्या खिडकीशी येऊन त्यांनी माझ्या यजमानांना सांगितलं, "मास्तर, दात आले! खाली डावीकडे!" ती रांगू लागली तर हे तिच्यापुढे रांगत, खडे वेचत. मी हसायचे. हसता हसता माझ्या मुलाची आठवण यायची आणि हसू तिथेच थिजायचं. भाऊंना ते दिसायचं, मग तेही उगाच पेटी उघडून बसायचे.

पण हे दात-रांगण्याचं नंतरचं. त्याच्या आधी, ती पाच महिन्यांची झाली तरी तिचे दंड कोरेच होते. मी वाट पाहिली. सहावा लागला. बुराई नदीच्या काठच्या एका गावात देवीचा रोगी निघाला म्हणून बातमी आली. भाऊ रोज घोडीवर बसून तिकडची पोरं टोचून यायचे, संध्याकाळी हात कोपरापर्यंत धुऊन हिला घ्यायचे. शेवटी मीच विचारलं, "भाऊ, हिला कधी टोचायचं?"

"त्यांना जरा सर्दी आहे, वहिनी."

चार दिवसांनी विचारलं, तर म्हणाले, "ऊन फार आहे. पुढल्या महिन्यात बघू."

मी म्हटलं, "भाऊ, ही तर माझी वाक्यं!"

ते मटकन पायरीवर बसले. म्हणाले, "बायको गेल्यापासून हात कापतो. परक्यांच्या पोरांना टोचताना नाही कापत. ह्यांच्यापाशी आणला की कापतो. काही झालं तर ह्यांच्याशिवाय माझं कोण आहे? आणि तुमचं मी कधी विसरत नाही. सात वेळा आलो तुमच्या दाराशी. आठव्यांदा यायला हवं होतं."

इतक्या महिन्यांत माझ्या मुलाचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला, आणि तोही दोष स्वतःकडे घेऊन. मला रडू फुटलं नाही. राग आला, इतका की मी उठून चटई अंथरली, पोरीला मांडीवर घेतलं, तिचा दंड उघडा केला आणि म्हटलं, "आठव्यांदा आलात असं समजा. टोचा."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. भाऊंनी हात धुतले. पुन्हा धुतले. माझ्या मुठीत तिचा एवढासा हात होता. पहिल्या टोचणीला ती किंचाळली, आणि भाऊ डोळे पुसत "माफ करा, माफ करा," म्हणत चारही टोचून मोकळे झाले. मग तिला ताप आला. त्या दिवसांत भाऊ कामावर गेले नाहीत. आमच्या ओसरीवर बसून राहिले, आणि सासूबाई त्यांच्यापुढे भाकरी ठेवत गेल्या. आठव्या दिवशी चारही फोड टपोरे उठले. आळीतल्या बायका बघायला आल्या. पुढल्या सोमवारी, आजवर दार न उघडलेल्या तीन बायका आपली पोरं कडेवर घेऊन आपण होऊन भाऊंकडे आल्या. कुणी आणल्या ते मी विचारलं नाही. सासूबाई त्या सकाळी आळीभर फिरून आल्या होत्या एवढं मात्र मी पाहिलं होतं.

वर्षाची व्हायला महिना उरला असताना भाऊंची बदली यावलला झाली. बहीण घर सांभाळायला बरोबर जाणार होती. पोर आता भात-वरण खाऊ लागली होती, दुपारचं एक पाजणं सोडलं तर माझी तशी गरज उरली नव्हती. टांगा आला. भाऊंनी मला वाकून नमस्कार केला, मी एवढी लहान असून, आणि मला तो थांबवताही आला नाही. पोर त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरून रडत होती. टांगा स्टेशनच्या रस्त्याला वळला तरी तो आवाज येत होता.

दुपार झाली. ही तिची प्यायची वेळ. मी भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई ओसरीत येऊन समोरच्या कुलपाकडे बघत राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आते दुपारले काय करानं वं?"

त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि ऊन ओसरीतून उतरेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.